जपानी शिकताना मराठी हाताशी ठेवा

नोकरी-व्यवसाय सांभाळून घरच्या घरी जपानी शिकू पाहणारे बहुतेक मराठी लोक एक लांबचा वळसा घेतात. पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, व्हिडिओही इंग्रजीत. त्यामुळे जपानी वाक्य आधी इंग्रजीत उलटं होतं आणि मग डोक्यात मराठीत सुलटं होतं. यात वेळ तर जातोच, शिवाय ज्या चुका मराठी माणसाने करायचं काही कारण नाही त्या इंग्रजीमुळे अंगवळणी पडतात. जपानी आणि मराठी एका कुळातल्या भाषा नाहीत, पण वाक्याची बांधणी आणि बरेचसे उच्चार यांत त्या आश्चर्य वाटावं इतक्या जवळ आहेत. पुस्तक इंग्रजी असलं तरी चालेल, वहीतला अर्थ मात्र मराठीत लिहा.

सुरुवात लिपीपासून. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी 46 मूळ अक्षरं. त्यांचा क्रम पाहा : अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या, म्हणजे संस्कृत वर्णमालेच्या, अभ्यासातून घेतलेला आहे. च-वर्गाच्या जागी ‘स’ बसला आहे आणि प-वर्गाच्या जागी ‘ह’. जपानीतला आजचा ‘ह’ हा जुन्या ‘प’पासून आलेला आहे. म्हणून तर अक्षराच्या डोक्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘का’चा ‘गा’ होतो, ‘ता’चा ‘दा’ होतो, पण ‘हा’चा एकदम ‘बा’ होतो, आणि छोटं वर्तुळ दिलं की ‘पा’. इंग्रजी पुस्तकात हे नुसतं पाठ करायला सांगतात. आपल्याकडे वर्णमाला तोंडपाठ असते, मग फक्त अपवाद लक्षात ठेवायचे : ‘सि’ नाही ‘शि’, ‘ति’ नाही ‘चि’, ‘तु’ नाही ‘त्सु’, ‘हु’ नाही ‘फु’.

पहिलीच्या मुलांची मोठ्या चौकटींची वही आणा. रोज एक ओळ, म्हणजे पाच अक्षरं, प्रत्येक अक्षर दहा-बारा वेळा, रेघांचा क्रम पाहून. दर तिसऱ्या दिवशी नवीन काही नाही, फक्त आधीचं न बघता लिहायचं. हिरागानाला दोन आठवडे पुरतात. काताकानाला तेवढेच द्या, कारण ती कमी वेळा दिसते आणि लवकर विसरते. तिथे सगळ्यांची गाडी ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘सो’ आणि ‘न्’ या जोड्यांवर अडते. दिसायला ती सारखी असतात, फरक हाताच्या दिशेत आहे. ‘शि’ आणि ‘न्’मधली लांब रेघ खालून वर जाते, ‘त्सु’ आणि ‘सो’मधली वरून खाली येते. नुसतं डोळ्यांनी शिकणाऱ्याला ही जोडी महिनोन् महिने छळते, हाताने लिहिणाऱ्याला आठवडाभर.

उच्चारांत आपली बाजू भक्कम आहे. मराठीत दोन ‘च’ आणि दोन ‘ज’ आहेत. ‘चिमणी’तला च म्हणजे जपानी ‘चि’, आणि ‘चूक’मधला च ऱ्हस्व केला की ‘त्सु’ तयार. ‘जिना’मधला ज म्हणजे ‘जि’, ‘जाळी’तला ज म्हणजे जपानीतला ‘झा’. इंग्रजीभाषक ज्या ‘त्सु’वर घाम गाळतात तो आपण दिवसभर बोलत असतो. क, त, प हेही आपले साधेच म्हणायचे, हवा सोडायची नाही. ‘फु’साठी मात्र खालचा ओठ दातांना लावू नका, मेणबत्तीवर हलकी फुंकर मारल्यासारखा म्हणा.

सर्वांत सुंदर जुळणी अनुस्वाराची. जपानीत ‘न्’ला एकच चिन्ह आहे आणि त्याचा उच्चार पुढच्या अक्षरावर ठरतो, अगदी आपल्या टिंबासारखा. आंबा, अंत, अंग या शब्दांत टिंब एकच, पण उच्चार म्, न्, ङ्. जपानीतही वर्तमानपत्राला लिहायचं ‘शिन्बुन्’ आणि म्हणायचं ‘शिंबुन्’. पुढे श, ह किंवा स्वर आला की ‘संशय’मधल्यासारखा नुसता नाकातला सूर. रेल्वेगाडी म्हणजे ‘देन्शा’, तिथला न् असाच. आणि ‘होन् ओ’ (पुस्तकाला) हे ‘होनो’ असं जोडून म्हणू नका, जीभ टाळूला न लावता न् नाकातून सोडा.

आता आपली सर्वांत मोठी अडचण, आणि ती देवनागरीमुळे वाढते. जपानीत स्वराची लांबी बदलली की अर्थ बदलतो. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बि-इरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान्’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबा-आसान्’ म्हणजे आजी. ‘कोको’ म्हणजे इथे, ‘को-ओको-ओ’ म्हणजे हायस्कूल. मराठीत शब्दाच्या शेवटचे इ-उ आपण दीर्घच म्हणतो आणि लिहितो : पाणी, कवी, लाडू. ती सवय जपानीत आली की कुत्र्याला ‘इनु’ऐवजी ‘इनू’ म्हटलं जातं. त्यात ए आणि ओ आपल्या लिपीत नेहमीच दीर्घ धरले जातात, ऱ्हस्व ए-ओला चिन्हच नाही. त्यामुळे देवनागरीत ‘कोको’ लिहिलं की इथे आणि हायस्कूल एकाच उच्चारात मिसळून जातात. या लेखात नाइलाजाने सगळं देवनागरीत आहे आणि लांबी दाखवायला स्वर पुन्हा लिहिला आहे. तुमच्या वहीत मात्र तिसऱ्या आठवड्यापासून जपानी शब्दावर देवनागरी उच्चार लिहिणं बंद करा. रोमन अक्षरंही नकोत.

यावर उपाय आपल्याच छंदशास्त्रात आहे : मात्रा मोजा. ‘तो-ओक्यो-ओ’ म्हणजे चार मात्रा. ‘किते’ (या) दोन मात्रा, ‘कित्ते’ (पोस्टाचं तिकीट) तीन : कि, त्, ते. ‘निप्पोन्’ चार : नि, प्, पो, न्. त्त, प्प अशा दुहेरी वर्णातला अर्धा वर्ण आणि अनुस्वार यांना प्रत्येकी एक पूर्ण मात्रा, पण ‘क्यो’ किंवा ‘त्सु’मधल्या अर्ध्या वर्णाला वेगळी मात्रा नाही. वृत्तात लघु-गुरू मोजलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की इथे ए आणि ओ एकटे असतील तर एकच मात्रा. नवीन शब्द आला की बोटांनी टेबलावर ठोके देत दोनदा म्हणा. पहिल्या तीन महिन्यांत एवढं केलं तर पुढे उच्चार उस्तरत बसावं लागत नाही.

सुरांच्या चढउताराकडे सुरुवातीला फक्त कान द्या. ‘आमे’ उंच सुरात सुरू होऊन खाली आला तर पाऊस, खालून वर गेला तर गोळी-चॉकलेटातली गोळी. मराठीत असं काही नाही, त्यामुळे कान तयार व्हायला वेळ लागतो. तक्ते पाठ करण्यात मात्र पहिलं वर्ष घालवू नका.

व्याकरणाकडे येऊ. ‘वाताशि वा किनो-ओ एकि दे तोमोदाचि नि आइमाशिता.’ शब्दाखाली शब्द ठेवा : मी, काल, स्टेशनवर, मित्राला, भेटलो. क्रम तोच. विभक्ती प्रत्ययासारखी जपानी पदंही शब्दाच्या मागे येतात : ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘मो’ म्हणजे ‘ही’ किंवा ‘सुद्धा’. प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा, तोही आपल्यासारखाच. ‘काल घेतलेलं पुस्तक’ म्हणायचं तर ‘किनो-ओ कात्ता होन्’. घेतलेलं आधी, पुस्तक नंतर. इंग्रजी पुस्तकं याला एक अख्खं प्रकरण देतात, मराठी माणसाला एक ओळ पुरे.

इंग्रजीमुळे होणारी चूक नेमकी कुठे होते ते सांगते. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आवडणारी वस्तू, म्हणजे आंबा, प्रथमेत आहे आणि क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. जपानीतही तसंच : ‘वाताशि वा मांगो-ओ गा सुकि देसु.’ आंब्याला कर्त्याचं ‘गा’ लागतं, कर्माचं ‘ओ’ नाही. पण ‘आय लाइक मँगो’वरून गेलात तर आंबा कर्म होतो आणि हात आपोआप ‘ओ’ लिहितो. मला समजतं (वाकारिमासु), मला येतं (देकिमासु), मला हवंय (होशिइ देसु) या सगळ्यांना हाच नियम. मराठीत ‘मला जपानी येतं’ म्हणतो तेव्हा जपानी प्रथमेत असतं, म्हणून जपानीत तिथे ‘गा’. तसंच ‘मित्राला भेटतो’, ‘बाईंना विचारतो’ यांतल्या ला-ना या जागी जपानीतही ‘नि’ येतो. इंग्रजी ‘मीट’ आणि ‘आस्क’ इथेही ‘ओ’कडे ढकलतात.

‘वा’ आणि ‘गा’ यांतला फरक हा जपानीचा सर्वांत चर्चिला गेलेला विषय, आणि तो एका बैठकीत सुटत नाही. कामापुरतं इतकं धरा : ‘वा’ म्हणजे ‘…चं म्हणाल तर’. विषय मांडला, आता त्याच्याबद्दल काहीतरी सांगणार. ‘गा’मध्ये नवी माहिती कर्त्यातच असते. म्हणून ‘कोण आलं?’ यातल्या कोणला नेहमी ‘गा’ : ‘दारे गा किमाशिता का’. उत्तरातही ‘गा’च. प्रश्नार्थक शब्दामागे ‘वा’ लावलात तर चूक ठरलेली. दोन वस्तूंची तुलना किंवा विरोध असेल (चहा घेतो, कॉफी मात्र नाही) तिथे ‘वा’.

मराठी जिथे गोत्यात आणते अशा जागाही आहेत. पहिली ‘आहे’. आपला एक ‘आहे’ जपानीत तीन ठिकाणी वाटला जातो. ‘हे पुस्तक आहे’ इथे ‘देसु’. ‘टेबलावर पुस्तक आहे’ इथे ‘आरिमासु’. ‘अंगणात कुत्रा आहे’ इथे ‘इमासु’. माणसं आणि प्राणी यांना ‘इमासु’, वस्तूंना ‘आरिमासु’, आणि झाडं सजीव असली तरी ‘आरिमासु’मध्येच. दुसरी जागा ‘-त’ प्रत्यय. ‘घरात आहे’ आणि ‘घरात जेवतो’ दोन्हीकडे आपण ‘घरात’ म्हणतो. जपानीत नुसतं असण्याला ‘नि’, काही कृती करण्याला ‘दे’. ‘पुण्यात राहतो’ ही कृती वाटते, पण ‘राहणे’ला ‘नि’ लागतं, ते वेगळं लक्षात ठेवा. तिसरी, कोणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो’ म्हणतो, जपानीत अशा वेळी ‘जातो’ म्हणतात : ‘इमा इकिमासु’. उलट घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये हा आपला संस्कार तिथे तंतोतंत आहे. निघणारा म्हणतो ‘इत्ते किमासु’, शब्दशः ‘जाऊन येतो’.

या ‘जाऊन’वर थोडं थांबू या, कारण जपानी शिकण्यातला मराठीचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. क्रियापदाचं ‘ते’ रूप म्हणजे आपलं ‘-ऊन’. त्याच्या पुढे दुसरं क्रियापद जोडून जे अर्थ मराठीत निघतात तेच जपानीत निघतात. ‘ताबेते मिमासु’ : खाऊन बघतो. ‘काइते ओकिमासु’ : लिहून ठेवतो. ‘कात्ते किमासु’ : विकत घेऊन येतो. ‘वासुरेते शिमाइमाशिता’ : विसरून गेलो, म्हणजे व्हायला नको होतं ते झालं. ‘ओशिएते कुरेमाशिता’ : त्यांनी मला समजावून दिलं. ‘मिरु’ म्हणजे बघणे, ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, म्हणजे बहुतेक सहायक क्रियापदांचे मूळ अर्थही तेच. ही रूपं शिकताना इंग्रजी भाषांतर वाचूच नका. ‘खाऊन बघ’मधला ‘बघ’ इंग्रजीत ‘ट्राय’ होतो आणि जुळणी हरवते.

‘ते’ रूप बनवायचे नियम मात्र पाठच करावे लागतात. पहिल्या गटात उ, त्सु, रु शेवटी असेल तर ‘त्ते’. मु, बु, नु असेल तर ‘न्दे’. कु असेल तर ‘इते’, गु असेल तर ‘इदे’, सु असेल तर ‘शिते’. अपवाद एकच, ‘इकु’चं ‘इत्ते’. दुसऱ्या गटात, म्हणजे शेवटी ‘इरु’ किंवा ‘एरु’ असलेल्या बहुतेक क्रियापदांत, ‘रु’ काढून ‘ते’ लावायचं. आणि ‘सुरु’, ‘कुरु’ या दोघांचं ‘शिते’, ‘किते’. चूक होते ती दुसऱ्या गटासारख्या दिसणाऱ्या पहिल्या गटातल्या क्रियापदांत : काएरु (घरी परतणे), हाइरु (आत जाणे), हाशिरु (धावणे), शिरु (माहीत होणे), किरु (कापणे). ही पाच एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ‘किरु’ची गंमत अशी, की कापणे असेल तर ‘कित्ते’ आणि अंगात कपडे घालणे असेल तर ‘किते’. मात्रा मोजायची सवय इथे पुन्हा कामाला येते.

आकड्यांत एकच अडचण. आपण लाख-कोटीने मोजतो, जपानी लोक दहा हजारांच्या गठ्ठ्याने. त्या गठ्ठ्याला ‘मान्’ म्हणतात. एक लाख म्हणजे दहा मान्, दहा लाख म्हणजे शंभर मान्, एक कोटी म्हणजे हजार मान्, आणि दहा कोटींना ‘ओकु’ हा नवा शब्द. मोठी रक्कम दिसली की उजवीकडून चार-चार अंकांवर पेन्सिलीने खूण करा.

कांजी, म्हणजे चिनी मूळची चित्राक्षरं, यांची भीती जरा जास्तच घातली जाते. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत 2,136 अक्षरं आहेत, त्यांतली 1,026 जपानी मुलं प्राथमिक शाळेत सहा वर्षांत शिकतात. पहिल्या वर्षी तुम्हाला शंभर-सव्वाशे पुरतील. एका अक्षराचे दोन-तीन उच्चार का, याचं उत्तर पुन्हा मराठीत आहे. पाणी एकटं असतं तेव्हा ‘पाणी’, जोडशब्दात ‘जल’ होतं : जलाशय, जलप्रवास. जपानीत पाण्याचं अक्षर एकटं असलं की ‘मिझु’ हा देशी उच्चार, जोडशब्दात ‘सुइ’ हा चीनहून आलेला. पाणीपुरवठा ‘सुइदो-ओ’, पोहणं ‘सुइएइ’. बुधवारही ‘सुइयो-ओबि’, कारण बुधाचं जपानी नाव ‘पाण्याचा तारा’ असं आहे. मंगळ अग्नीचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा. वारांचा क्रम आपल्यासारखाच ग्रहांवरचा आहे, म्हणून सात वार आणि सात कांजी एका दिवसात पाठ होतात.

कांजीचे सगळे उच्चार यादी करून घोकणं हे निष्फळ काम आहे. जीवन या अर्थाच्या एकाच अक्षराचे सेइ, शो-ओ, नामा, इ-, उ-, हा- असे कितीतरी उच्चार आहेत. शब्द शिका, उच्चार त्या शब्दासोबत येईल. पहिली दोनशे अक्षरं हाताने लिहा, म्हणजे त्यांचे घटक आणि रेघांचा क्रम बसेल. नंतर टाइप करणं पुरतं. टाइप करताना लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन : शब्दाच्या शेवटी न् हवा असेल तर रोमन एन दोनदा दाबायचा, ‘वा’ हे पद ‘एच-ए’ असंच टाइप करायचं (ते हिरागानाच्या ‘हा’ने लिहितात), आणि काताकानातली लांबीची रेघ संयोगचिन्हाच्या कळीवर असते.

शब्द टिकवायला अँकी वापरा, हे पत्त्यांवर शब्दांची ठरावीक दिवसांनी उजळणी करून घेणारं ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. त्यात रोज 20 नवीन पत्त्यांची मूळ मर्यादा असते, ती पहिल्याच दिवशी 8 वर आणा. रोज 20 नवीन घेतले की महिनाभरात उजळणी दीड-दोनशे पत्त्यांवर जाते, एक रविवार चुकला की ढीग साचतो आणि लोक ॲपच काढून टाकतात. आठांच्या हिशेबाने रोज साठ-ऐंशी पत्ते, म्हणजे बारा-पंधरा मिनिटं. शब्द विसरला असेल तर ‘अगेन’ दाबा. ‘हार्ड’चा अर्थ ‘आठवला, पण कष्टाने’ असा आहे. विसरलेल्या शब्दाला ‘हार्ड’ दाबत राहिलात तर ॲप समजतं की येतोय, आणि तो शब्द कधीच पक्का होत नाही. आठ वेळा चुकलेला पत्ता ॲप ‘लीच’ म्हणून बाजूला काढतं. तो परत आणण्याआधी बदला, त्यात एक लहान वाक्य घाला. एकटा शब्द निसटतो, वाक्यातला सहसा निसटत नाही.

पाठ्यपुस्तक विकत घ्यायचं नसेल तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ संकेतस्थळावर ध्वनिफितींसह मोफत आहे. त्यातले संवाद अर्ध्या ते एक मिनिटाचे असतात, सावलीसारखं मागोमाग बोलायच्या सरावाला योग्य. क्रम असा ठेवा : दोनदा नुसतं ऐका, मग मजकूर वाचा, मग मजकूर समोर ठेवून पाच वेळा आवाजाच्या पाठोपाठ बोला, मग मजकूर झाकून तीन वेळा, शेवटी फोनवर स्वतःचा आवाज नोंदवून मूळ आवाजाशी ताडून पाहा. दहा मिनिटं लागतात. आवाजाचा वेग कमी करू नका, लांब-आखूड स्वरांतला फरक त्यात बिघडतो. कठीण वाटलं तर तुकडा छोटा करा.

परीक्षा हवी असेल तर जेएलपीटी ही जपानी भाषेची प्रमाणपत्र परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. पुणे आणि मुंबई दोन्ही केंद्रं आहेत आणि नोंदणी तीन-चार महिने आधीच उरकते, म्हणून तारखेवर आतापासून लक्ष ठेवा. सर्वांत खालची पातळी एन ५. 180 पैकी 80 गुण लागतात, शिवाय भाषा-वाचनात 120 पैकी 38 आणि श्रवणात 60 पैकी 19 स्वतंत्रपणे. वाचनात भरपूर मिळवूनही श्रवणात 18 आले तर नापास. बोलणं आणि हाताने लिहिणं तपासलंच जात नाही. घरी शिकणारे पुस्तकात रमतात, त्यामुळे पडतात ते श्रवणातच. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते, मागे जाता येत नाही. शेवटचे दोन महिने जुन्या नमुना प्रश्नपत्रिका तशाच सोडवा : एकदाच ऐकायचं, उत्तराची खूण करायची, चुकलं तरी पुढच्या प्रश्नाकडे जायचं, आणि सगळा भाग संपल्यावरच मजकूर उघडून कुठली मात्रा कानातून सुटली ते शोधायचं.